बल्ब बाहेरून बसवले म्हणून एसीची वॉरंटी गेली म्हणतात, खरं आहे का?

भगवंताच्या_गावची

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला स्टिअरिंग आणि पेट्रोलचं झाकण एवढंच कळतं. काही चुकीचं लिहिलं तर हसा, पण उत्तर द्या.

आमची गाडी सव्वादोन वर्षांची, 31,400 किलोमीटर झालेत. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर. सगळी सर्व्हिसिंग शोरूमलाच, एकही चुकवलेली नाही. मागच्या नोव्हेंबरात ह्यांनी इथल्याच एका दुकानातून हेडलाइटचे बल्ब काढून जास्त वॅटचे घातले आणि खाली दोन फॉग लॅम्प लावले. हौस म्हणून नाही. कुर्डुवाडी रस्त्याला हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. एका रात्री ट्रॉलीबाहेर आलेला ऊस बॉनेटपासून दोन हातांवर आल्यावर दिसला. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बल्ब बदलले.

आता एसी. आठ दिवस झाले नुसता वारा येतोय. सोलापूरला शोरूमला नेली. तिथल्या सरांनी बॉनेट उघडलं, फॉग लॅम्पच्या वायरवर गुंडाळलेली काळी टेप बघितली आणि बाकी काही बघायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, बाहेरचं फिटिंग आहे. इलेक्ट्रिकलची वॉरंटी व्हॉइड." मग दीड तासानं सांगितलं की कॉम्प्रेसर गेलाय, एस्टिमेट 28,600. मी म्हटलं, अहो बल्बचा आणि एसीचा संबंध काय? तर म्हणे, एकदा बाहेरचा हात लागला की आमचे हात बांधलेले असतात.

हे म्हणतात भरून टाक, मे महिना आहे. मला पटत नाहीये. शाळेत एका मुलानं खोडी काढली म्हणून मी अख्ख्या वर्गाला नापास करत नाही. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का?

हिरवा_डबा

ताई, विसरा वॉरंटी. माझ्या मेहुण्यानं बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवली तर त्याचं पॉवर विंडोचं कामसुद्धा नाकारलं. शोरूमच्या नादी लागू नका, बाहेर रिकंडिशन कॉम्प्रेसर टाका, निम्म्यात काम होतंय.

फ्यूजवाला

थांबा! ताई, हे अजिबात करू नका. आत्ता तुमची बाजू भक्कम आहे. बाहेर एसी उघडलात की मग खरोखरच संपलं.

मी 11 वर्षं शोरूमला ॲडव्हायझर होतो, आता कराडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. "हात बांधलेले असतात" हा डायलॉग मीही मारलाय, म्हणून त्यामागचं गणित सांगतो. वॉरंटीत बदललेल्या पार्टचे पैसे शोरूमला कंपनीकडून मिळतात, त्यासाठी जुना पार्ट आणि फोटो द्यावे लागतात. कंपनीनं क्लेम फेटाळला तर भुर्दंड शोरूमच्या अंगावर. त्यामुळे काळी टेप दिसली की काउंटरवरच्या माणसाला आधी स्वतःचा गळा वाचवायचा असतो. गाडीला काय झालंय ते नंतर.

आता गाडीला काय झालंय ते बघू. नोव्हेंबरातल्या वायरिंगनं कॉम्प्रेसर जाऊ शकतो का? जाऊ शकतो, एका रस्त्यानं. फॉग लॅम्पचं कनेक्शन चुकून एसीच्या लाइनवरून घेतलं असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (पट्ट्यानं फिरणाऱ्या पुलीला कॉम्प्रेसर जोडतो तो भाग) कॉइलला पूर्ण व्होल्ट मिळत नाहीत. मग क्लच धड पकडत नाही, घसरत राहतो आणि जळतो. तसं असेल तर शोरूमवाले बरोबर आहेत, मुकाट्यानं पैसे भरा.

पण हे घरबसल्या तपासता येतं. गाडी चालू करा, बॉनेट उघडा, मिस्टरांना आत बसवून एसी चालू-बंद करायला सांगा. पदर, ओढणी, हात पट्ट्यांपासून लांब ठेवा. चालू केल्यावर "टक्" असा आवाज येतो का? कॉम्प्रेसरच्या पुलीच्या पुढं एक चकती असते. एसी बंद असताना पुली फिरते आणि चकती उभी असते. टक् झालं की चकतीही पुलीबरोबर फिरायला लागते. ती फिरतेय, जळका वास नाही, तरी गार हवा नाही, म्हणजे करंट कॉम्प्रेसरपर्यंत नीट पोचतोय. मग रोग एक तर गॅसमध्ये, नाहीतर कॉम्प्रेसरच्या पोटात. दोन्हीकडं तुमच्या बल्बला जायला वाटच नाही.

आणि हो, हेडलाइटच्या मागचं रबरी टोपण काढून बल्बचा कपलर, म्हणजे बल्बच्या पिनांना वायर जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, कसा दिसतोय तेही बघा. त्याबद्दल मला शंका आहे.

भगवंताच्या_गावची

टक् येतंय! चकती फिरतेय, वास काही नाही. शेजारचे काका पण बघून गेले. शहाण्यासारखी मान हलवली, बोलले काही नाहीत.

पण दादा, तो कपलर... पांढरा असायला हवा ना? आमचा डावीकडचा चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा झालाय आणि कडेला बोट लावलं तर चुरा पडला. फोटो टाकलाय.

फ्यूजवाला

अंदाज होताच. कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा (अप्परला 60, डिपरला 55), तुमचा 100/90 चा असणार. 12 व्होल्टला 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर, 100 वॅट म्हणजे सव्वाआठच्या वर. वायर तीच, पिना त्याच. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपट नाही, जवळजवळ पावणेतीनपट. प्लॅस्टिकनं सहा महिने सोसलं हेच खूप झालं. हा खर्च तुमचा. इथं भांडू नका, उलट स्वतःहून सांगा की हे आमच्यामुळे झालंय, आम्ही भरतो. समोरच्याची अर्धी हवा तिथंच जाते.

कॉम्प्रेसरसाठी मात्र असं करा. ग्लोव्ह बॉक्समधलं वॉरंटीचं पुस्तक काढा आणि "काय कव्हर होत नाही" ते पान वाचा. तिथं बाहेरच्या पार्ट्समुळे, बदलांमुळे झालेला बिघाड असं लिहिलं असेल तर तो "मुळे" शब्द पकडून ठेवा. काही पुस्तकांत सरसकट वॉरंटी रद्द असंही असतं. तसं असलं तरी घाबरू नका. ऑगस्ट 2014 मध्ये स्पर्धा आयोगानं सुट्या पार्ट्सच्या प्रकरणात 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड लावला होता. त्याच आदेशात म्हटलंय की बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून वॉरंटी रद्द अशी सरसकट अट घालू नका. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच नाकारा. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, त्यामुळे तो कागद काउंटरवर आपटून लगेच काम होईल असं नाही. पण बोलायचं कसं ते त्यातून कळतं.

शोरूमला एकच गोष्ट मागा: "फॉग लॅम्पच्या वायरिंगमुळे कॉम्प्रेसर कसा खराब झाला, ते जॉब कार्डवर लिहून सही-शिक्का द्या. आणि कॉम्प्रेसरच्या कपलरला किती व्होल्ट येतात, एसीच्या गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजचं रीडिंग किती, तेही लिहा." आवाज चढवू नका. तोंडी "व्हॉइड" म्हणायला काही लागत नाही, लिहून द्यायची वेळ आली की तोच माणूस वर्क्स मॅनेजरला फोन लावतो. मीही लावायचो.

रारितानच्या_काठावरून

न्यू जर्सीहून लिहितोय. इथं यासाठी 1975 चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमचाच ब्रँडेड पार्ट वापरा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. अपवाद दोनच: पार्ट फुकट देत असतील, किंवा फेडरल ट्रेड कमिशनकडून तशी सूट घेतली असेल. मी ऑइल आणि फिल्टर दुकानातून आणून घरीच बदलतो, पावत्या बुटाच्या खोक्यात ठेवतो. पण इथल्या लोकांचाही गैरसमज आहे की कायदा आहे म्हणजे काहीही ठोका. बाहेरच्या पार्टनंच नुकसान केलं असेल तर ती दुरुस्ती इथंही नाकारतात. म्हणजे ताईंचा कपलर इथंही ताईंच्याच खर्चात. बाकी आपल्याकडे ग्राहक आयोग आहेच की.

फ्यूजवाला

बरोबर. ताई, नाहीच ऐकलं तर आधी 1915 वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. त्यापुढं जिल्हा आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठंही असो, तुम्हाला सोलापूरच्या पुढं जायला नको. फी गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर असते. 5 ते 10 लाखांची गाडी असेल तर 200 रुपये.

आणखी एक, कडू आहे पण सांगतो. ते 100 वॅटचे बल्ब काढाच. वॉरंटीचं सोडा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही आहे. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

भगवंताच्या_गावची

उशिरा लिहितेय, मंडळी, पेपर तपासणीत अडकले होते.

शोरूमला गेले. पुस्तकात "मुळे"च निघालं, त्या पानावर मी पेन्सिलनं खूण करून नेली होती (सवय). आधी कपलरची कबुली देऊन टाकली. मग म्हटलं, कॉम्प्रेसर कशामुळे गेला ते लिहून द्या. सर म्हणाले, असं लिहून द्यायची पद्धत नाही. मी म्हटलं, थांबते, मला घाई नाही, आणि तिथंच सातवीचे पेपर तपासायला काढले. चाळीस मिनिटांनी वर्क्स मॅनेजर आले. त्यांनी मेकॅनिकला माझ्यासमोर गेज लावायला लावलं. दोन घड्याळं असतात त्याला, एक निळं, एक लाल. निळं 75 वर, लाल 130 वर. मॅनेजरनीच सांगितलं की या उन्हात निळं 35 आणि लाल 220 च्या आसपास हवं. दोन्ही काटे असे एकमेकांकडं सरकलेत म्हणजे कॉम्प्रेसर आतून दाबच तयार करत नाहीये. कपलरला व्होल्ट पूर्ण होते.

नऊ दिवसांनी नवीन कॉम्प्रेसर बसला, वॉरंटीत. दोन कपलर आणि साधे बल्ब मिळून 1,850 आम्ही भरले. फॉग लॅम्पची वायर त्यांनी काढायला लावली, काढली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण दादा, कुर्डुवाडीच्या रस्त्याचं काय? गाळप पुन्हा सुरू होईल, ट्रॉल्या येतीलच.

फ्यूजवाला

60/55 चाच बल्ब ठेवा आणि कपलरला कपलर जोडणारं रिले किट घ्या, वायर कापावी लागत नाही. बॅटरीतून थेट जाड वायरनं करंट येतो, वाटेत व्होल्ट पडत नाहीत, साधाच बल्ब जास्त उजेड देतो. शिवाय हेडलाइटचं अलाइनमेंट करून घ्या, ते कोणी करतच नाही.

भगवंताच्या_गावची

मग ते किट बसवून शोरूमला दाखवू, की दाखवून बसवू?

फ्यूजवाला

दाखवून. आणि चालेल म्हणाले तर जॉब कार्डवर लिहून घ्या. त्याआधी हेडलाइटची काच तेवढी पुसा, फोटोत बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ दिसतेय.