सहीला ‘थांब’ म्हटले, तर माहेर तुटते का?

माहेरवाशीण
वडील जाऊन दहा महिने झाले. गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला आणि बोलता बोलता तो म्हणाला, “ताई, सोमवारी तालुक्याला ये, हक्कसोडपत्र करून टाकू, वकिलांनी कागद तयार ठेवला आहे.” म्हणजे वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी सही करून सोडायचा. मी सवयीने ‘हो, येते’ म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आले की, त्याने मला विचारले नव्हते, नुसते कळवले होते. त्याच्या शिक्षणासाठी माझा एम.ए.चा प्रवेश राहिला तेव्हा मी ‘चालेल’ म्हणाले होते, आणि दर दिवाळीला आधी फोन मीच करायचा हे घरात रूढ झाले तेव्हाही ‘चालेल’च म्हणाले होते. ‘आमची ताई फार समंजस’ हे कौतुक ऐकत मी मोठी झाले. दुसऱ्या दिवशी मी त्याला कळवले की, सही नाकारत नाही, पण मला विचाराला वेळ हवा. तेव्हापासून तो बोललेला नाही आणि आई फोनवर रडते. मला जमिनीपेक्षा हा प्रश्न अधिक छळतो की, आजवर मी ज्याला माया समजत आले, त्यात त्यांच्या रुसव्याची धास्ती किती होती.

एक भाऊ
मी नेमका दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून लिहितो. आमची कोरडवाहू अडीच एकर जमीन, विहीर फेब्रुवारीत आटते, आणि आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मोटारसायकलवरून तालुक्याला न्यावे लागते. बहिणी मायेने येतात, परंतु वर्षातून दोनदा येतात. त्यांनी सही केली ती हे सारे पाहून केली. त्या सहीला ‘इतरांना खूश ठेवण्याची सवय’ म्हणणे हा त्यांचाच अपमान आहे. कायदा हिस्से मोजतो, रात्रीची जागरणे मोजत नाही. हल्ली कोणी कोणासाठी काही सोडले की, त्यामागे दुबळेपणाच शोधला जातो, हे मला पटत नाही.

निवृत्त महसूल कर्मचारी
दोघेही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. वारसनोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळे. आधी सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे लागावीत. फेरफाराची, म्हणजे या नावबदलाची, नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हक्क सोडायचा असेल तर तो पुढे केव्हाही, सहहिस्सेदाराच्या नावे, नोंदणीकृत दस्ताने सोडता येतो. मात्र एकदा सोडल्यावर मन बदलले म्हणून एकतर्फी परत घेता येत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. महाराष्ट्राने तशी तरतूद 1994 मध्येच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या दुरुस्तीसाठी वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले.

एक प्रसंग मात्र विसरत नाही. निबंधक कार्यालयात एका बाईंना साहेबांनी विचारले, “समजून, राजीखुशीने सही करताय ना?” बाईंनी उत्तर देण्याआधी भावाकडे पाहिले. त्याने मान हलवली, मग त्या ‘हो’ म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर नव्या साडीची पिशवी होती.

कृष्णाकाठ
मी 2009 मध्ये सही केली. कोणी जबरदस्ती केली नव्हती, आणि म्हणूनच राग कोणावर काढावा हे पुढे कित्येक वर्षे कळले नाही. तो भाऊबीजेच्या ताटाशी निघायचा, वहिनीच्या स्वयंपाकात खोट काढताना निघायचा. ‘एक भाऊ’ यांना विचारावेसे वाटते की, तुमच्या बहिणींना ‘नाही’ म्हणण्याची मुभा खरोखर होती का? नसेल, तर त्यांच्या ‘हो’ची किंमत तुम्हाला तरी कशी कळणार?

परंतु मूळ लेखिकेशीही माझा वाद आहे. ‘वेळ हवा’ हे उत्तर मला सोयीचे वाटते. भावाला त्यातून काहीच कळत नाही, तो मनात वाईटातले वाईट धरतो, आणि आपण पुन्हा सर्वांना चांगले वाटेल असे गोलमाल बोलून सुटतो. काय हवे ते नेमके सांगावे, मग होऊ दे रुसवा.

एक भाऊ
तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. मी विचारले नव्हते, हे खरे आहे. पण त्यांनीही कधी काही म्हटले नाही, आणि न बोललेले ओळखण्याची जबाबदारी एकट्या भावावर टाकणे मला आजही अन्यायाचे वाटते.

माहेरवाशीण
‘गोलमाल’ हा शब्द लागला, कारण तो खरा आहे. काल संध्याकाळी मीच भावाला फोन केला आणि सांगितले की, आईच्या औषधपाण्याचा निम्मा खर्च यापुढे माझा, वारसनोंद आईसह तिघांच्या नावाने व्हावी, आणि हक्कसोडाचे मी वर्षभर तरी ठरवणार नाही. हे बोलताना हात थरथरत होता, हेही लिहून ठेवते. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “वकिलांना काय सांगू?” मी म्हणाले, “हेच सांग.” तो ‘बघतो’ म्हणाला. आमच्या घरात ‘बघतो’ म्हणजे बहुधा नकारच असतो, परंतु आज सकाळी आईच्या औषधांची यादी त्याने मला पाठवली आहे.