मंजूर रक्कम आणि वार्षिक तरतूद
‘गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेला २०,१९३ कोटी दिले, मग २०२४-२५ मध्ये अंतराळ विभागाची एकूण तरतूद १३,०४२.७५ कोटींचीच कशी’, हा विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे, पण त्यावरून काढलेला, सरकार आकडे लपवते हा निष्कर्ष पटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ती २०,१९३ कोटींची रक्कम आधीच्या मंजुरीसह अनेक वर्षांच्या खर्चाची आहे. पैसा मात्र दरवर्षी संसदेसमोर येणाऱ्या अनुदानाच्या मागणीतूनच, म्हणजे विभागाच्या त्या वर्षाच्या खर्चाच्या प्रस्तावातूनच, मिळतो.

फोर्टमधल्या कचेरीत या मागण्या तपासताना मी प्रत्येक अर्थसंकल्पीय अंदाजाशेजारी (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद) त्याच वर्षाचा सुधारित अंदाज (वर्ष सुरू असताना बदललेला आकडा) आणि दोन वर्षांनी छापून येणारा प्रत्यक्ष खर्च पेन्सिलीने लिहून ठेवते. चाचणी लांबली की देयकेही लांबतात आणि सुधारित आकडा खाली येतो. त्या घटीला सरसकट ‘कपात’ म्हणणे शास्त्रज्ञांवर अन्याय करणारे आहे.