दोन दोऱ्यांचा पतंग वर जातो आणि धाडकन वाळूत... काय चुकतंय?

आसारीवाला
नमस्कार मंडळी. मी सध्या नेदरलँड्समध्ये हेगला असतो, स्खेवेनिंगनचा किनारा सायकलवर वीस मिनिटं. लहानपणी संक्रांतीला येवल्यात मामाकडे तीन दिवस गच्चीवरून खाली उतरायचो नाही, त्यामुळे पतंग आपल्याला येतो असा समज होता, तो दोन रविवारांत पार उतरला. तिकोनी स्टंट काइट घेतलाय, पंख १.६ मीटर, दोऱ्या २५ मीटर. दहा सेकंद मस्त चढतो, मग उजवीकडे कलतो, मी सावरायला जातो तर गोत खाऊन नाक वाळूत. काल एक कार्बनची काडी सांध्यातून निघाली. शेजारी आठ-नऊ वर्षांची पोरगी आरामात आठचा आकडा काढत होती, ती मला डचमध्ये काहीतरी म्हणाली, कळलं नाही पण दया आली असावी.

वारावेडा
ढील देताय ना भाऊ? 😄 येवल्याचा हात आहे, पतंग डोलला की हात आपोआप पुढे जाणारच. इथे ढील नाही. दोऱ्या सैल पडल्या की पतंगाला लगाम उरत नाही. हात पोटाजवळ, हलवायचे चार-सहा इंच, बास. जोर कमी पडला तर हात वर नेऊ नका, दोन पावलं मागे चाला. पडणारच असं दिसलं तर उलट पतंगाकडे धावत जा, आपटण्याचा जोर निम्मा होतो, काड्या वाचतात.
आणि गोंधळ कुठे होतो सांगतो, उजवी ओढली की पतंग घड्याळाच्या काट्यासारखाच फिरतो, सरळ असो नाहीतर उलटा. नाक खाली असताना तो तुम्हाला डावीकडे गेलेला दिसतो, माणूस घाबरून दुसरी ओढतो आणि संपलं.

शमा_के
दर वेळी उजवीकडेच कलतो म्हणजे हाताचा दोष नसावा दादा, दोऱ्या मोजा आधी. दोन्हींची पतंगाकडची टोकं एका खुंटीला अडकवा, दुसऱ्या टोकाच्या हातात धरायच्या पट्ट्या घेऊन ताणून बघा, उजवी आखूड निघेल. नवीन दोऱ्या कमीजास्त ताणल्या जातात, गाठ सरकवून सारख्या करा.
आणि वारा समुद्रावरून असेल तेव्हाच जा. पूर्वेचा असला की काठावरच्या इमारतींवरून गुंडाळत येतो, त्यात मलाही उडवता येत नाही.

डोंबिवलीकर
इकडे कुठे उडवतात? जुहू?

वारावेडा
जुहूला गर्दी, शेजारी विमानतळ. गंमत म्हणजे १९३४ च्या जुन्या विमान कायद्यात पतंगसुद्धा 'विमान'च होता! अलिबागजवळ नागावला जा, दुपारनंतर समुद्राचा वारा लागतो. ताणलेली दोरी कातडी कापते, समोर २५ मीटरात कुणी नको. आणि हा पतंग संक्रांतीला येवल्यात नेऊ नका, मांजा दोन्ही दोऱ्या एकदम नेईल.

आसारीवाला
शमाताई, उजवी सात सेंटीमीटर आखूड!! आज अर्धा तास हवेत होता. पण गोल गोल घेताना दोऱ्यांना पाच पीळ बसलेत, खाली उतरवून सोडवायचे का?

शमा_के
नाही हो, हवेतच उलटे पाच घ्या. या दोऱ्यांचा डायनीमा नावाचा कृत्रिम धागा गुळगुळीत असतो, पिळातसुद्धा पतंग ऐकतो.