ओसामाला जिवंत धरून खटला चालवायला हवा होता

निशिगंधा
ओसामा बिन लादेन २ मे २०११ ला पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये अमेरिकी सैनिकांच्या छाप्यात मारला गेला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याच्यावरचे आरोप काढून टाकले, आरोपीच उरला नाही म्हणून. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले, २२४ माणसं गेली, त्यात बहुतेक केनियन. त्या प्रकरणात चार जणांना २००१ मध्ये त्याच शहरात रीतसर खटला चालवून जन्मठेप झाली. मग म्होरक्यालाच का नाही? पाकिस्तानच्या लष्करी अकादमीपासून मैलभराच्या आत तो वर्षानुवर्षं राहिला. कुणाच्या आशीर्वादाने, हे त्याला पिंजऱ्यात उभं करून विचारता आलं असतं. त्या रात्री त्याच्या हातात शस्त्र नव्हतं, हे व्हाइट हाउसनेच सांगितलंय.

घाटावरचा
ताई, प्रसंग बघा. काळोखी रात्र, एक हेलिकॉप्टर आवारातच कोसळलेलं, पाकिस्तानी विमानं कधी येतील नेम नाही, हातात जेमतेम चाळीस मिनिटं. समोरच्याने अंगावर स्फोटकं बांधलीत का, हे सैनिकाने तपासत बसायचं? आणि जिवंत ठेवला असता तर त्याच्या सुटकेसाठी कुणाला ओलीस धरलं असतं? डिसेंबर १९९९ चं कंदाहार आठवा. विमानातल्या प्रवाशांसाठी मसूद अझहरला सोडावं लागलं आणि बाहेर पडताच त्याने जैश उभी केली.

निशिगंधा
भीती खरी आहे. तरी कसाबला आपण चार वर्षं सांभाळलाच ना? कराचीहून बोटीने कसे आले, कुणी शिकवलं, हे त्याने स्वतः कोर्टात सांगितलं. त्याच खटल्यात दोन सहआरोपी पुराव्याअभावी सुटले, सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. बंदुकीला हा निवाडा करता येत नाही.

सुईण_आजी
तुम्ही दोघंही शेवटच्या रात्रीवरच भांडताय. त्याआधीचं बघा. ओसामा तिथेच आहे का हे डीएनएवरून ताडायला त्या घरातल्या मुलांचं रक्त मिळावं म्हणून सीआयएने एका डॉक्टरकरवी कावीळ-बीच्या लसीकरणाचं सोंग उभं केलं. पुढे २०१२ मध्ये वझिरिस्तानात तालिबानने पोलिओची लस बंद पाडली आणि डिसेंबरात कराची-पेशावरात घरोघर डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या. मी स्वतः पल्स पोलिओत दारोदार फिरलेय. अनोळखी बाई आपलं लेकरू पुढे करते, ते निव्वळ भरवशावर. तो भरवसा त्यांनी मोडला.

घाटावरचा
आजी, ते चूकच होतं. २०१४ मध्ये व्हाइट हाउसने लेखी कळवलं की सीआयए लसीकरणाचा आडोसा पुन्हा घेणार नाही. पण ताई, कसाब जिवंत मिळाला तो गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांनी रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या म्हणून. अबोटाबादला उतरलेल्या एखाद्या सैनिकानेही तेच करायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं आहे का?