रविवारचा सिनेमा आणि बी विंगची हरकत

सी-३०२ : नमस्कार मंडळी. रविवारी रात्री ८ ला क्लब हाउसमध्ये ‘मिशिमा : अ लाइफ इन फोर चॅप्टर्स’. जपानी लेखक युकिओ मिशिमावरचा, दिग्दर्शक पॉल श्रेडर, १९८५ चा. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. दोन तास. चटई आपापली आणावी.

ए-१०४ : काका, मागच्या वेळी इराणी, आता जपानी. कधीतरी हसायला लावणारं काही लावा की 😄

बी-२०१ : आत्ता नेटवर वाचलं. ह्या लेखकाने पोट फाडून जीव दिला म्हणे! आमची नववीतली लेक येते दर वेळी. सोसायटीत असलं दाखवायचं का?

सी-३०२ : ताई, विचारलंत ते बरं केलंत. लपवत नाही. २५ नोव्हेंबर १९७० ला मिशिमा आपल्या खासगी सेनेतली चार पोरं घेऊन टोकियोच्या इचिगाया लष्करी तळावर गेला. जनरलला त्याच्याच ऑफिसात खुर्चीला बांधलं आणि सज्जात उभं राहून सैनिकांना हाक दिली, सम्राटासाठी उठा म्हणून. त्याच सकाळी कादंबरीचा शेवटचा भाग प्रकाशकासाठी तयार ठेवून निघाला होता!

सी-३०२ : आणि खाली सैनिक काय करतात? हुर्यो उडवतात. वर हेलिकॉप्टरची घरघर, ह्याचं बोलणं कुणाला धड ऐकूही येत नाही. भाषण गुंडाळून आत येतो तेव्हा मिशिमा झालेल्या केन ओगाताचा चेहरा बघा. मला तरी तिथे हुतात्मा दिसला नाही. लग्नात माइक बंद पडलेला माणूस दिसला.

बी-२०१ : आणि रक्त?

सी-३०२ : जवळजवळ नाही. त्या क्षणी कॅमेरा चेहऱ्यावरच राहतो.

सेक्रेटरी : सूचना : उद्या टाकी सफाई. १० ते २ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

डी-५०१ : मी सेटच्या धंद्यातला, म्हणून मध्ये तोंड घालतो. त्या शेवटच्या दिवसाचं चित्रण साधं, बातमीपटासारखं. लहानपण काळंपांढरं. आणि कादंबऱ्यांतले प्रसंग एइको इशिओकाच्या सेटवर, सरळसरळ नाटकाचं नेपथ्य. भिंती सरकतात, रंग अंगावर येतात. सोन्याचं मंदिर तर मधोमध दुभंगतं, दाराची दोन फळकुटं उघडावीत तसं, आणि आतून नुसता उजेड. मी तेवढंच पाचदा मागे नेऊन पाहिलंय.

ए-१०४ : सोन्याचं मंदिर म्हणजे क्योटोचं? आम्ही त्याच्यापुढे फोटो काढलेत!

डी-५०१ : तेच. मूळचं १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण भिक्षूने पेटवलं. तुमच्या फोटोत आहे ते १९५५ चं. मिशिमाने त्यावर १९५६ ला कादंबरी लिहिली, तोतरा भिक्षू आणि त्याला सहन न होणारं सौंदर्य.

ए-१०४ : गाइडने अवाक्षर काढलं नाही हो. आइस्क्रीम कुठे मिळतं ते मात्र दोनदा सांगितलं.

बी-२०१ : पण माणूस असा का झाला?

सी-३०२ : सिनेमा उत्तर देत नाही, तुकडे समोर ठेवतो. आजारी आजीने आईपासून काढून स्वतःच्या खोलीत वाढवला, पार बारा वर्षांचा होईपर्यंत. पुढे लष्करी तपासणीत नापास होऊन घरी आला. युद्धातून जीव वाचला, आणि तेच आयुष्यभर सलत राहिलं. मधला ‘क्योकोचं घर’ ह्या कादंबरीचा भाग जरा रेंगाळतो, तेव्हा चहा घ्या. खरं तर तिथे दुसरी कादंबरी यायची होती, पण मिशिमाच्या बायकोने परवानगी दिली नाही. जपानात तर कित्येक वर्षं सिनेमा थेटरात लागलाच नाही. फिलिप ग्लासचं संगीत मात्र सोडू नका.

ई-१०३ : एक भर. मिशिमाच्या शेवटच्या चार कादंबऱ्यांतली दुसरी सिनेमात आहे. तिसरी नाही, आणि तिच्यात होंडा नावाचा वकील काशी करून अजिंठ्याला येतो! लेणी बघतो, पण खरा हलतो तो धबधब्यापाशी.

ए-१०४ : अरे, आमचं सातकुंड असणार! माहेर सिल्लोडचं माझं. पावसाळ्यात जावं तिथे, उन्हाळ्यात नुसता कातळ.

बी-२०१ : काका, असं करते. ह्या रविवारी मी एकटी येते. लेकीला नंतर घरी दाखवीन, मध्ये थांबवत थांबवत.

सी-३०२ : उत्तम. पेनड्राइव्ह देतो. आणि येताना चटई आणू नका, मागची तुमची आमच्याकडेच राहिलीये.