मदत हवी आहे: फोटो कोणी काढला माहीत नाही, मग हक्क कोणाचा?

मंडळी नमस्कार,

आमच्या हर्णैच्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. त्यासाठी घरोघरी जुने फोटो मागितले, तर ट्रंका उघडल्या आणि ढीग जमला. निम्म्यांना बुरशी लागलीय, काही अल्बमच्या काळ्या कागदाला असे चिकटलेत की सोडवायची हिंमत होत नाही. उरलेले मात्र झकास आहेत. स्मरणिकेत छापून मग विकिमीडिया कॉमन्सवर (कोणालाही मोकळेपणी वापरता येणाऱ्या फोटोंचा ऑनलाइन साठा) चढवायचा बेत आहे, पण फोटोग्राफर कोण हे एकाही घरात ठाऊक नाही.

एक फोटो शाळेचा. मास्तर खुर्चीत, पोरं मांडी घालून, पुढे पाटीवर खडूने १९३४. दुसरा मुंजीचा, मागे रंगवलेला पडदा. पाठीवरच्या शिक्क्यातलं 'रत्नागिरी' एवढंच लागतं. तिसरा माझा लाडका: मागे सुवर्णदुर्ग, लांब उभी आगबोट, आणि तिच्याकडे निघालेल्या पडावात एका हाताने लुगडं नि दुसऱ्याने वळकटी सावरणाऱ्या बायका. हा पोस्टकार्डाच्या कागदावर आहे, टपालाच्या शिक्क्यात १९२९ दिसतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कर्ता अज्ञात असेल तर हक्काची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. जो फोटो ट्रंकेबाहेर पडलाच नाही, त्याची मोजणी सुरू कधी होणार? घरवाले म्हणतात, "आमच्याकडे आहे म्हणजे आमचाच." आणि "आता कोण विचारतंय" हे उत्तर तर चहाबरोबर फुकट मिळतं. ते नकोय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

दादा, घरात फोटो आहे म्हणून हक्क घरवाल्यांचा होत नाही. पण मुंजीच्या फोटोत त्यांचं म्हणणं नेमकं लागू पडतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. कलम १७ मध्ये हे आहे आणि त्याआधीच्या १९११ च्या ब्रिटिश कायद्यातही होतं. तेव्हा फोटोग्राफर शोधत बसू नका, मुंज ज्यांनी केली त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्या. एक भाऊ गावात नि दुसरा डोंबिवलीत असेल तर दोघांची. शाळेच्या फोटोचे पैसे कोणी दिले ते जुन्या खर्चवहीत मिळालं तर बघा.

मुदतीचं असं. जुन्या कायद्यात निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. नवा कायदा २१ जानेवारी १९५८ ला लागू झाला, म्हणून १९०७ पर्यंतचे फोटो बिनघोर वापरा. तुमचे तिन्ही नंतरचे धरले तर १९५८ ला त्यांच्यावरचा हक्क जिवंत होता आणि नव्या कायद्यात मोजणी प्रकाशनावर गेली. म्हणून ट्रंकेतल्या फोटोची शंका रास्त आहे. कॉमन्सवाले १९५८ पूर्वीच्या भारतीय फोटोंना जुनाच ५० वर्षांचा नियम लावतात, पण तो काही कोर्टाचा निकाल नव्हे.

कर्ता सापडत नसेल तर कलम ३१अ खाली परवाना मागता येतो. त्यासाठी आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग अर्ज. गावच्या स्मरणिकेला हा खर्च झेपायचा नाही.

आगबोटीचं कार्ड दुकानात विकलं जात असेल तर ते तेव्हाच प्रकाशित झालं, आणि मुदत कशीही मोजा, कधीच संपली. पण नुसत्या कागदावरून ते ठरत नाही. स्टुडिओवाले घरगुती फोटोही त्याच कागदावर छापून द्यायचे. कार्डावर नाव, नंबर काही आहे का?

धागाकर्ता

आहे! खाली कोपऱ्यात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत बंदराचं नाव आणि १७ हा आकडा.

प्रतिसाद

पांढरी अक्षरं म्हणजे निगेटिव्हवरच लिहिलेली. नंबर आहे म्हणजे बहुतेक विक्रीची मालिका. आंजर्ले, केळशी, मुरूडकडे विचारा. हेच कार्ड दुसऱ्या घरात मिळालं तर काम फत्ते. आणि १ ते १६ पैकी काही हाती लागलं तर इथे टाकाच.