मदत हवी आहे: मिनी डाळ मिल टाकायचीय, पण धंद्याचं गणित शिकायचं कुठं?

बालाघाटी
नमस्कार मंडळी. मी अहमदपूर तालुक्यातला. घरची तूर-सोयाबीन आहे, मी स्वतः लातुरात एका दुकानात नोकरीला. तूर आडतीवर घालण्याऐवजी डाळ करून विकावी असं वडलांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलंय (आमचं एकमत क्वचितच होतं).

मशीनची माहिती मागाल तेवढी मिळते, विकणारे रोज फोन करायलेत. अनुदानाचंही कळलं: पीएमएफएमईत (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपले किमान १० टक्के. उद्यम नोंदणी तर फुकटच होते. अडलंय पुढं. एकाकडून प्रकल्प अहवाल करून घेतला. त्यात मिल वर्षाला ३०० दिवस चालते आणि तिसऱ्या वर्षी नफा दुप्पट होतो. आकडे कुठून आणले विचारलं, तर म्हणे बँकेला असंच लागतं. बँकेला चालेल हो, हप्ते मला भरायचेत!

तर खेळतं भांडवल किती धरायचं, भाव कसा काढायचा, माल खपेल का हे आधी कसं बघायचं, हे नीट शिकवणारं कुणी आहे का? लाखो कमवायला शिकवणारी हॉटेलातली शिबिरं कृपया सुचवू नका.

भुसारवाला
भाऊ, ३०० दिवस वाचून हसू आलं. तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावं लागतं, त्याशिवाय साल सुटत नाही. पावसाळ्यात वाळवणार कुठं? ड्रायर घेणार असाल तर त्याची किंमत आणि विजेचं बिल अहवालात दिसलं पाहिजे. आधी महिने मोजा, मग नफा.

भाव काढायची रीत सांगतो. समजा तूर ७,००० रुपये क्विंटल पडली आणि उतारा ७० किलो डाळीचा आला. म्हणजे नुसत्या मालाचेच किलोला १०० रुपये झाले. त्यात वीज, मजुरी, बारदाना, वाहतूक, हप्ता मिळवा आणि चुणी (डाळीचा तुकडा-भुगा) आणि फोलपट विकून येतील ते वजा करा. उतारा एकच किलो घसरला तर किलोमागं साधारण दीड रुपया गेला. ठोक धंद्यात तेवढ्यातच सगळं असतं, म्हणून घरच्या तुरीचं एक पोतं आधी कुणाच्या तरी मिलवर भरडून घ्या आणि डाळ, चुणी, फोलपट, सगळं स्वतः वजन करून लिहून ठेवा.

खेळत्या भांडवलाचं म्हणाल तर तूर येते जानेवारी-फेब्रुवारीत आणि ती रोखीनं घ्यावी लागते. किराणावाला पैसे देणार त्याच्या सवडीनं. याच भावानं १०० क्विंटल भरली तर ७ लाख अडकले, आणि ठेवलेल्या तुरीला भुंगा लागतो तो वेगळाच.

गोदाकाठ
दादा, शिकण्यासाठी आरसेटी बघा, म्हणजे बँकांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी केलीत की पत्ता मिळेल. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणासकट. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचेही वर्ग असतात, त्यांचं मुख्य कार्यालय संभाजीनगरला आहे. तिथं हिशेब आणि बाजार पाहणी शिकवतात, पण खरं सांगू? वर्ग तुमच्या वहीइतकाच चांगला. स्वतःचे आकडे घेऊन गेलात तर प्रश्न विचारता येतात, नाहीतर नुसतं प्रमाणपत्र हाती येतं. डाळीच्या प्रक्रियेचं विचारायला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे.

अनुदान हातात पडेल असं धरून घर चालवू नका. ते कर्जखात्याशी बांधलेलं असतं, खातं तीन वर्षं नीट चाललं तरच वळतं होतं. अहवाल पुन्हा करायचा तर कृषी विभागाकडून तुमच्या जिल्ह्याच्या संसाधन व्यक्तीचा (या योजनेचा अर्ज-अहवाल करायला मदत करणाऱ्याचा) नंबर घ्या.

बालाघाटी
दोघांचेही आभार. भुसारवाले दादा, मग पहिल्या हंगामात स्वतःची तूर न भरता गावातल्या लोकांची नुसती मजुरीवर भरडून दिली तर?

भुसारवाला
तेच सांगणार होतो. माल त्यांचा, भावाची जोखीमही त्यांची, तुमचा हात बसतो. फक्त चुणी कुणाची हे आधीच ठरवा, भांडणं तिथंच होतात. आणि आसपासच्या चार-पाच गावांत फिरून किती पोती येतील ते विचारून या. पोती भरत नसतील तर मशीनचा ॲडव्हान्स देऊ नका.

बालाघाटी
रविवारी निघतो. आकडे आणून इथंच टाकतो, तपासून द्या.